हान्सी फ्लिकची बचावफळी इतकी पुढे का उभी राहते?

26 ऑक्टोबर 2024. माद्रिदच्या बेर्नाबेऊ मैदानावर रेआल माद्रिद आणि बार्सेलोना समोरासमोर होते. किलियन एम्बापेचा रेआलकडून हा पहिलाच क्लासिको, म्हणजे या दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांतला सामना. पूर्वार्धात तो बार्सेलोनाच्या बचावफळीमागे सुटला, पुढे आलेल्या गोलरक्षकाच्या वरून त्याने चेंडू अलगद जाळ्यात टाकला आणि सगळं मैदान उसळलं. मग गोल रद्द झाला. ऑफसाईड. त्या सामन्यात एकटा एम्बापे आठ वेळा ऑफसाईड पकडला गेला, रेआलचा संघ मिळून 12 वेळा. बार्सेलोनाने सामना जिंकला 4-0 असा.

टीव्हीवर हे बघताना छाती धडधडते. बार्सेलोनाचे चार बचावपटू जवळजवळ मैदानाच्या मध्यरेषेपाशी उभे असतात. त्यांच्या पाठीमागे चाळीस-पंचेचाळीस मीटर मोकळं रान आणि तिथे एकटा गोलरक्षक. समोर एम्बापे आणि विनिसियस, म्हणजे जगातल्या सर्वांत वेगवान खेळाडूंपैकी दोघे. असला जुगार शहाणा माणूस खेळेल का, असं वाटणं साहजिक आहे.

पण हा जुगार नाही, हिशेब आहे. तो मांडणारा बार्सेलोनाचा प्रशिक्षक हान्सी फ्लिक हा बायर्न म्युनिकचा जुना मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू. हा हिशेब नीट कळायचा असेल तर आधी ऑफसाईडचा नियम, मग फ्लिकची वाट आणि मग पुन्हा ती रेषा, या क्रमाने जायला हवं.

नियम थोडक्यात

सहकारी चेंडू पुढे मारतो त्या क्षणी तुम्ही प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात असाल, चेंडूच्या पुढे असाल आणि तुमच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्याचे किमान दोन खेळाडू नसतील, तर तुम्ही ऑफसाईड जागी आहात. या दोघांतला एक बहुधा गोलरक्षक असतो, म्हणून व्यवहारात शेवटच्या बचावपटूची जागा पाहिली जाते. त्याच्या बरोबरीत असाल तर चालतं. हात धरले जात नाहीत. डोकं, धड आणि पाय धरले जातात. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नर (मैदानाच्या कोपऱ्यातून मारायची किक) यांवरून थेट चेंडू मिळाला तर ऑफसाईड नसतो.

यातल्या तीन गोष्टी पुढे लागणार आहेत. पहिली, मोजला जातो तो पास निघण्याचा क्षण, पोचण्याचा नव्हे. दुसरी, स्वतःच्या अर्ध्या मैदानात उभा असलेला खेळाडू ऑफसाईड होऊच शकत नाही, म्हणून बचावफळी मध्यरेषेच्या पलीकडे नेऊन उपयोग नसतो. तिसरी, कॉर्नरवर हे हत्यार चालत नाही.

1925 पर्यंत दोनऐवजी तीन खेळाडू मध्ये असावे लागत. तेव्हा बचावपटूंनी एक पाऊल पुढे टाकून समोरच्याला फसवणं इतकं सोपं झालं होतं की गोल आटले आणि नियम बदलावा लागला. म्हणजे ऑफसाईडचा सापळा शंभर वर्षांहून जुना आहे. फ्लिकने तो शोधून काढलेला नाही. आजच्या तंत्रज्ञानाच्या आणि आजच्या वेगाच्या फुटबॉलमध्ये तो पुन्हा उभा केला, हे त्याचं काम.

नाव न होणारं काम करणारा खेळाडू

हान्स-डीटर फ्लिकचा जन्म 24 फेब्रुवारी 1965 चा, हायडलबर्गचा. नेकार नदीच्या खोऱ्यातल्या म्युकेनलोख या लहानशा गावात तो वाढला आणि गावच्या क्लबातून, नंतर झांडहाउझेनमधून वर आला. 1985 मध्ये बायर्न म्युनिकने त्याला घेतलं. पाच वर्षांत चार वेळा बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीची अव्वल लीग, आणि एकदा जर्मन कप त्याने जिंकला.

बायर्नसाठी बुंडेसलीगाच्या 104 सामन्यांत त्याचे गोल फक्त पाच. त्या संघात लोथार माथेउस होता, आंद्रेआस ब्रेमे होता. पुढे जाऊन मिरवणारे पुष्कळ होते. फ्लिक त्यांच्या मागे राहून मोकळ्या जागा बुजवायचा, सुटलेला चेंडू गोळा करायचा, जवळच्या माणसाकडे द्यायचा. असा खेळाडू सामन्याच्या बातमीत सापडत नाही, पण तो नसला की संघ मध्येच दुभंगतो.

1987 मध्ये व्हिएन्नात युरोपियन कपच्या (आजच्या चॅम्पियन्स लीगच्या) अंतिम सामन्यात पोर्तोविरुद्ध तो पहिल्या अकरात होता. बायर्न 1-0 ने पुढे होता. 77 व्या मिनिटाला राबाह माजेरने टाचेने गोल केला, तीन मिनिटांनी ज्युअरीने दुसरा, आणि कप गेला. फ्लिक तेव्हा 22 वर्षांचा होता.

1990 मध्ये तो कोलोनला गेला. दुखापतींनी पिच्छा सोडला नाही आणि 1993 मध्ये, अवघ्या 28 व्या वर्षी, व्यावसायिक खेळ संपला. जर्मनीच्या मुख्य राष्ट्रीय संघाकडून तो एकही सामना खेळला नाही. पुढे त्याच संघाचा तो मुख्य प्रशिक्षक झाला, हे लक्षात घेतलं की त्याची वाट किती वेगळी होती ते कळतं. नाव असलेल्या माजी खेळाडूला मोठा क्लब आपणहून बोलावतो. फ्लिकला कुणी बोलावलं नाही.

तो हायडलबर्गजवळच्या बामेन्टाल गावात परतला, तिथे खेळाच्या सामानाचं दुकान चालवलं आणि गावच्या व्हिक्टोरिया बामेन्टाल संघाचा 1996 पासून खेळाडू-प्रशिक्षक झाला. हा चौथ्या श्रेणीचा संघ होता. 2000 मध्ये शेजारच्या होफेनहाइमने बोलावलं. आज बुंडेसलीगात दिसणारा हा क्लब तेव्हा तीनेक हजार वस्तीच्या गावाचा, चौथ्या श्रेणीतला होता. एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, डीटमार होप, त्याच्या पाठीशी होता. पहिल्याच हंगामात फ्लिकने संघ तिसऱ्या श्रेणीत नेला. त्यापुढे मात्र चार वर्षं घालवूनही जाता आलं नाही आणि नोव्हेंबर 2005 मध्ये त्याला काढून टाकण्यात आलं.

वय 40, हाती एकही मोठी ट्रॉफी नाही, मोठ्या क्लबचा अनुभव नाही. तेव्हाच्या फ्लिककडे पाहून पुढच्या पंधरा वर्षांचा अंदाज कुणीच बांधला नसता.

आठ वर्षं दुसऱ्या खुर्चीत

साल्झबुर्गमध्ये थोडा काळ साहाय्यक म्हणून काढल्यावर ऑगस्ट 2006 मध्ये तो जर्मन संघाचे प्रशिक्षक योआखिम ल्योव्ह यांचा साहाय्यक झाला आणि 2014 पर्यंत तिथेच राहिला. 2008 च्या युरो स्पर्धेत पोर्तुगालविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात ल्योव्ह यांच्यावर बंदी होती. ते प्रेक्षकांत बसले आणि बाकावरून संघ फ्लिकने चालवला. जर्मनी 3-2 ने जिंकला.

त्याच्या या आठ वर्षांकडे लोक घाईघाईने पाहतात. मला ती फार मोलाची वाटतात, कारण इथे त्याने एका किरकोळ वाटणाऱ्या विषयात हात घातला: कॉर्नर आणि फ्री-किक. राष्ट्रीय संघाला सरावाचे दिवस मोजके मिळतात. ते अशा गोष्टींवर घालवण्यात ल्योव्ह यांना पूर्वी फारसा रस नव्हता. 2014 च्या विश्वचषकाच्या तयारीत फ्लिकने हा विषय लावून धरला. पुढे काय झालं ते पाहा. पोर्तुगालविरुद्ध कॉर्नरवर माट्स हुमेल्सचा हेडर. घानाविरुद्ध मागे पडल्यावर कॉर्नरवरूनच मिरोस्लाव्ह क्लोजाचा बरोबरीचा गोल. उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सविरुद्ध टोनी क्रूसच्या फ्री-किकवर पुन्हा हुमेल्स, आणि तोच सामन्यातला एकमेव गोल. ब्राझीलविरुद्धचा 7-1 सगळ्यांना आठवतो, पण त्या सातांतला पहिला कॉर्नरवर आला होता. थॉमस म्युलर गोलसमोर चक्क मोकळा उभा होता. विश्वचषक जर्मनीने जिंकला.

मैदानावरची जागा आणि क्षण आधी ठरवून ठेवता येतात, सराव करून अंगी बाणवता येतात, ही त्याची खात्री तिथून दिसू लागते. ऑफसाईडचा सापळा हे त्याच विचाराचं मोठं रूप आहे.

विश्वचषकानंतर काही वर्षं त्याने जर्मन महासंघात आणि होफेनहाइममध्ये कार्यालयीन पदांवर काढली. 2019 च्या उन्हाळ्यात तो बायर्नमध्ये निको कोवाच यांचा साहाय्यक म्हणून आला. 2 नोव्हेंबर 2019 रोजी बायर्न फ्रँकफर्टकडून 5-1 असा हरला, दुसऱ्या दिवशी कोवाच गेले आणि तात्पुरता म्हणून फ्लिक मुख्य प्रशिक्षक झाला.

दहा महिन्यांत त्या तात्पुरत्या माणसाने बुंडेसलीगा, जर्मन कप आणि चॅम्पियन्स लीग जिंकली. चॅम्पियन्स लीगचे अकराच्या अकरा सामने बायर्नने जिंकले. 14 ऑगस्ट 2020 रोजी लिस्बनमध्ये, कोविडमुळे रिकाम्या मैदानात, त्यांनी बार्सेलोनाला 8-2 असं धुतलं. नऊ दिवसांनी अंतिम सामन्यात पॅरिसच्या पीएसजी क्लबविरुद्ध किंग्स्ले कोमानच्या हेडरने 1-0. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत आणखी तीन किताब जमा झाले आणि एकूण सहा झाले. एका फेऱ्यात सहाही किताब जिंकण्याचा मान त्याआधी फक्त 2009 च्या बार्सेलोनाकडे होता.

त्या 8-2 मध्ये चार गोल तर अर्ध्या तासाच्या आतबाहेर झाले. बायर्नची बचावफळी मध्यरेषेला टेकलेली, सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून डेव्हिड आलाबा, डावीकडे वाऱ्यासारखा पळणारा अल्फोन्सो डेव्हिस, मागे मैदान राखायला मानुएल नॉयर. बार्सेलोनाच्या बचावपटूने चेंडू घेऊन मान वर करेपर्यंत अंगावर दोन लाल शर्ट आलेले असत. या खेळाचं गमक तिथेच आहे.

रेषा मागे दिसते, पण राखली जाते पुढून

मैदान साधारण 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद. समजा एखाद्या संघाचे बचावपटू आपल्या पेनल्टी क्षेत्रापाशी थांबलेत आणि आघाडीचे खेळाडू त्यांच्यापुढे 55 मीटरवर आहेत. म्हणजे दहा जणांनी 55 गुणिले 68, साधारण 3,700 चौरस मीटर जागा राखायची. आता बचावफळी पुढे ओढून हेच अंतर 35 मीटरवर आणा. जागा उरते सुमारे 2,400 चौरस मीटर. माणसं तेवढीच, राखायचं रान एक तृतीयांशाहून जास्त कमी. प्रत्येकजण शेजाऱ्याच्या जवळ आला. चेंडू गेला तरी तो परत घ्यायला तीन-चार जण हाकेच्या अंतरावर. फ्लिकने खेळाडू म्हणून जी मधली पोकळी पळून पळून बुजवली, ती प्रशिक्षक म्हणून त्याने मुळात निर्माणच होऊ द्यायची नाही असं ठरवलं, असं मला त्याचे संघ पाहताना वाटतं.

पण मग मागचं मोकळं रान? तिथे जायला प्रतिस्पर्ध्याला दोन गोष्टी लागतात: पळणारा माणूस आणि वेळेवर निघालेला अचूक लांब पास. पळणाऱ्याला थांबवणं कठीण. पास देणाऱ्याला त्रास देणं त्या मानाने सोपं. पास देणाऱ्याला चेंडू थांबवायला, मान वर करायला, पुढचा माणूस कुठे आहे ते बघायला आणि पाय मागे घ्यायला दीड-दोन सेकंद लागतात. तेवढी उसंतच मिळाली नाही तर पास उशिरा निघतो, आणि पास अर्धा सेकंद उशिरा निघाला की आधीच सुटलेला एम्बापे दोन-तीन मीटर ऑफसाईड झालेला असतो.

बहुतेकांची चूक होते ती इथे. रेषा दिसते बचावपटूंची, पण 2024-25 च्या बार्सेलोनात ती सुरक्षित ठेवत रफिन्हा, पेड्री, लेवान्डोव्स्की हे पुढे खेळणारे. चेंडू गेला त्या क्षणी मागे न पळता तिथेच झडप घालायची, हे त्यांचं काम. ते एक क्षण कंटाळले, की मागे बचावपटू कुबार्सी कितीही हुशार असो, रेषेला अर्थ उरत नाही. म्हणून फ्लिकच्या संघात आघाडीच्या खेळाडूला धावण्यातून सूट नसते. 2024-25 मध्ये रफिन्हाने सर्व स्पर्धा मिळून 34 गोल केले. माझ्या मते त्याचं प्रेसिंग, म्हणजे चेंडूवाल्यावर झडप घालणं, त्या गोलांइतकंच किमती होतं.

बचावपटूंना त्या क्षणी काय बघायचं असतं? चेंडू कुणाच्या पायात आहे यापेक्षा तो माणूस पास देऊ शकतो का, हे. त्याची पाठ गोलकडे आहे, मान खाली आहे, अंगावर आपला माणूस आहे, चेंडू मागे खेळला गेला आहे: पुढे सरका. त्याला मोकळीक आहे, मान वर आहे, पाय मागे गेला आहे: लगेच वळा आणि गोलच्या दिशेने पळा. हा निर्णय चौघांनी एकाच क्षणी घ्यायचा. कबड्डीत साखळीतल्या एकाचा हात सुटला की चढाईवाला तिथूनच निसटतो. इथेही चौघांपैकी एकजण पाऊलभर मागे राहिला की सगळी रेषा त्याच्या टाचेपर्यंत मागे जाते आणि समोरचा ऑनसाईड होतो. बाकी तिघं कितीही बरोबर असले तरी उपयोग नाही.

2024-25 मध्ये हे काम जुल्स कुंदे, पाऊ कुबार्सी, इनिगो मार्टिनेझ आणि अलेहांद्रो बाल्दे करत होते. कुबार्सी तेव्हा 17 वर्षांचा, मार्टिनेझ 33 वर्षांचा. मार्टिनेझ फार वेगवान नव्हता. पण कधी पाऊल टाकायचं हे त्याला अचूक कळायचं आणि तो शेजाऱ्यांना ओरडून हलवायचा. या रेषेसाठी पळण्याच्या वेगापेक्षा ओळखण्याचा वेग मोठा, हे त्याच्याकडे पाहून पटायचं.

तंत्रज्ञानाचाही हात आहे. पूर्वी लाईन्समनच्या डोळ्यावर सगळं अवलंबून होतं. बोटभर ऑफसाईड असलेला खेळाडू सुटून जायचा आणि सापळा लावणारा संघ मार खायचा. आता व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासणारे पंच, आहे, आणि 2024-25 पासून स्पेनच्या लीगमध्ये खेळाडूंचे अवयव कॅमेऱ्यांनी टिपणारी अर्ध-स्वयंचलित ऑफसाईड यंत्रणाही आली. म्हणजे सापळा बोटभर जरी बरोबर बसला तरी त्याचं फळ मिळतं. म्हणूनच झेंडा वर गेला नाही तरी बार्सेलोनाचे बचावपटू शांत दिसतात, आणि गोल खाल्ल्यावर आधी एकमेकांकडे न पाहता पंचाकडे पाहतात.

हेच हत्यार जर्मनीत का बोथट झालं?

बायर्नमध्ये खेळाडूंच्या निवडीवरून क्लबच्या क्रीडा संचालकांशी पटेना म्हणून फ्लिकने एप्रिल 2021 मध्ये जायचं ठरवलं, आणि लीग पुन्हा जिंकूनच तो गेला. ऑगस्टमध्ये तो जर्मनीचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि पहिले आठही सामने जिंकला.

मग कतार. 23 नोव्हेंबर 2022 रोजी जपानविरुद्ध जर्मनी 1-0 ने पुढे होता. 75 व्या मिनिटाला रित्सू दोआनने बरोबरी केली. 83 व्या मिनिटाला जपानच्या इताकुराने स्वतःच्या अर्ध्यातून लांब फ्री-किक मारली. ताकुमा आसानो धावला. जर्मनीच्या बाकीच्या बचावपटूंच्या तो पुढे होता, पण पलीकडच्या बाजूला निक्लास झ्युले काही पावलं मागेच राहिला होता. त्या पावलांनी आसानो ऑनसाईड झाला. त्याने चेंडू उतरवला, श्लोटरबेकला अंगावर ठेवत अरुंद कोनातून नॉयरला हरवलं. 2-1.

हा गोल पुन्हा पाहा. एका माणसाने साखळी तोडली की काय होतं त्याचं याहून स्पष्ट चित्र मिळणार नाही. शिवाय ती फ्री-किक होती, म्हणजे चेंडू मारणाऱ्यावर दबाव टाकताच येत नव्हता. अशा वेळी रेषेला मागे जाण्याची तयारी आधी करावी लागते, आणि ती चौघांनी सारखी करावी लागते. स्पेनशी 1-1 बरोबरी आणि कोस्टारिकावर 4-2 विजय मिळूनही स्पेनइतकेच गुण असलेला जर्मनी गोलफरकावर गटातूनच बाहेर पडला. 9 सप्टेंबर 2023 रोजी वोल्फ्सबुर्गमध्ये जपाननेच 4-1 असं हरवलं आणि दुसऱ्या दिवशी फ्लिकला काढण्यात आलं. 1926 साली हे पद निर्माण झाल्यापासून बडतर्फ झालेला तो जर्मनीचा पहिलाच प्रशिक्षक.

त्याला दोष द्यायला हवा का? काही अंशी नक्कीच. त्याने बचावफळी वारंवार बदलली, आणि ज्या खेळात चौघांना एकमेकांचा श्वास ओळखीचा हवा तिथे हे परवडत नाही. पण मोठं कारण मला कामाच्या स्वरूपात दिसतं. क्लबचा प्रशिक्षक रोज सराव घेतो. राष्ट्रीय प्रशिक्षकाला दोन-तीन महिन्यांतून एकदा खेळाडू मिळतात, आणि तेही वेगवेगळ्या क्लबांच्या सवयी घेऊन आलेले. कॉर्नरची चाल चार दिवसांत शिकवता येते, 2014 मध्ये त्यानेच ते दाखवलं होतं. चार माणसांनी न बोलता एकाच क्षणी पाऊल टाकणं चार दिवसांत येत नाही.

बार्सेलोना

29 मे 2024 रोजी बार्सेलोनाने त्याला नेमलं. ज्या क्लबला त्याच्या संघाने आठ गोल घातले त्याच क्लबने, आणि तेही देशाने त्याला काढून टाकल्यानंतर. पैशाची तंगी होती, त्यामुळे मोठी खरेदी फारशी नव्हती. होते ते क्लबच्या ला मासिया अकादमीत वाढलेले यमाल, कुबार्सी, बाल्दे, फर्मिन, आणि फ्लिकने वर आणलेला मार्क कासादो. लहान वयाची मुलं नवी शिस्त लवकर उचलतात. हा फायदा त्याला जर्मनीत नव्हता.

शिस्तीचा अर्थ मैदानाबाहेरही तोच. बैठकीला उशीर झाला की खेळाडू पहिल्या अकरातून बाहेर, मग तो कुंदेसारखा महत्त्वाचा का असेना. जानेवारी 2025 च्या स्पॅनिश सुपरकपमध्ये गोलरक्षक इन्याकी पेन्याची जागा अशीच गेली आणि निवृत्तीतून परत आलेला वोइचेख श्चेन्स्नी गोलमध्ये आला. वरवर हे शाळेतल्या मास्तरांसारखं वाटेल. पण ज्या खेळात अर्ध्या सेकंदाचा उशीर म्हणजे गोल, तिथे वेळेचा आग्रह मला रास्तच वाटतो.

त्या हंगामात बार्सेलोनाने लीगमध्ये 102 गोल केले आणि 88 गुणांसह किताब जिंकला. सेव्हियामध्ये कोपा देल रे या स्पॅनिश कपचा अंतिम सामना रेआलविरुद्ध 3-2 ने जिंकला, जादा वेळेत कुंदेच्या गोलवर. सुपरकपमध्ये रेआलवरच 5-2. मे महिन्यात लीगमध्ये पुन्हा 4-3. एका हंगामात चार क्लासिको, चारही विजय, 16 गोल.

खाचखळगे होतेच. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लास पाल्मास आणि लेगानेससारख्या संघांकडून घरच्या मैदानावर हार झाली. लीग हातची जाते की काय असं तेव्हा वाटत होतं.

आणि चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत इंटर मिलानने या खेळाची दुबळी जागा बरोबर हेरली. पहिल्या सामन्यात डेन्झेल डुम्फ्रिसने दोन गोल केले आणि दोन्ही कॉर्नरवरून. कॉर्नरवर ऑफसाईड नाही, सापळा नाही, उंच माणसं जिंकतात. 3-3. दुसऱ्या सामन्यात मिलानमध्ये बार्सेलोना 2-0 ने मागे पडून 3-2 ने पुढे आला. भरपाईच्या वेळेतलं तिसरं मिनिट चालू होतं. डुम्फ्रिसने बाजूला चेंडू हिसकावला, आत दिला, आणि 37 वर्षांचा सेंटर-बॅक फ्रान्चेस्को आचेर्बी, ज्याचं त्या क्षणी पुढे काहीच काम नव्हतं, तिथे पोचून गोल करून गेला. जादा वेळेत दाविदे फ्रात्तेसीने 4-3 केलं. एकूण 7-6.

पुढे 3-2 असताना, शेवटच्या मिनिटांत, फ्लिकने संघ मागे खेचायला हवा होता का, यावर तेव्हा भरपूर वाद झाला. माझं मत असं, की खेचायला हवा होता. हिशेब जागा कमी करण्याचा आहे, आणि थकलेले पाय जागा राखू शकत नाहीत. 90 मिनिटं प्रेस केलेल्या आघाडीकडून 93 व्या मिनिटाला तीच झडप मागणं म्हणजे रेषेचा आधार काढून घेऊन रेषा तिथेच ठेवणं. आपल्या कल्पनेवर त्याची इतकी श्रद्धा आहे की ती केव्हा बाजूला ठेवायची हे त्याला कधीकधी उमगत नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये इनिगो मार्टिनेझ सौदी अरेबियाला गेला आणि रेषेचा आवाज गेला. 1 ऑक्टोबरला पॅरिसविरुद्ध सामना 1-1 असताना शेवटच्या मिनिटाला अश्रफ हकीमी उजवीकडून रेषेमागे सुटला आणि त्याच्या पासवर गोन्सालो रामोसने गोल केला. चार दिवसांनी सेव्हियाने 4-1 ने हरवलं. दोन्ही संघांनी एकच उपाय वापरला. आघाडीचा माणूस रेषेशी खेळत बसला, मागून दुसराच पळत आला. मागून येणारा पास निघताना चेंडूच्या किंवा बचावपटूच्या मागेच असतो, त्यामुळे सापळा त्याला धरत नाही. उलट वेगात असल्याने जागेवरून वळणाऱ्या बचावपटूला तो सहज मागे टाकतो.

पुढच्या वेळी बार्सेलोनाचा सामना लागला तर चेंडूमागे न जाता एक गोष्ट करून पाहा. बार्सेलोनाने चेंडू गमावला की आधी बघा, ज्याच्याकडे तो गेला त्याच्यापासून सर्वांत जवळचा बार्सेलोनाचा खेळाडू पुढे झेपावतोय की मागे वळतोय. मग नजर मागे न्या, आणि सर्वांत मागे कोण उरलाय ते बघा. गोल होणार की झेंडा वर जाणार, हे बहुतेक वेळा तुम्हाला पास निघण्याआधीच कळेल.